दुकानात बसणारी मुलगी

तळेगाव (श्यामजी पंत)
९ ऑगस्ट १९९८

प्रिय आत्या,

नमस्कार. आर्वीच्या पतसंस्थेत कारकुनाच्या जागेसाठी मुलाखत होती, तिचं काय झालं म्हणून तू विचारलंस. काहीच झालं नाही. जागा भरली हेसुद्धा आम्हाला एस.टी.च्या कंडक्टरकडून कळलं, कारण निवड झाली ती त्याची मेहुणी.

मुलाखत तशी वाईट झाली नव्हती. बाबा सोबत होते. समोर तीन जण बसले होते. ते विचारत होते आणि बाबांनी बरंच सांभाळून घेतलं. मी घाबरले होते, त्यामुळे तेव्हा बरं वाटलं. बाहेर आल्यावर मात्र वाटलं, की मी आत गेलेच नव्हते.

आता घरात एकच विषय आहे. बाबा म्हणाले, "दिवाळीपर्यंत पाह्य. नाई जमलं तर तुळशीचं लग्न झाल्यावर तुयं उरकून टाकू." आईने तर हिंगणघाटचं एक स्थळ मनात धरूनही ठेवलंय. आत्या, मला लग्न नको असं नाही. पण एकदा तरी माझ्या नावाने कुठेतरी हजेरी लागावी, पहिल्या तारखेला मी स्वतः सही करावी, असं फार वाटतं. एकदा लग्न झालं की ते राहूनच जाईल, हे मला पक्कं ठाऊक आहे.

तू वर्ध्याला कॉलेजच्या ऑफिसात हेडक्लार्क. भरती असली की टेबलाच्या त्या बाजूला तू बसतेस. मग सांग ना, या बाजूला बसलेल्या माणसाने काय बोलायचं असतं?

तुझी,
मयुरी


नालवाडी, वर्धा
१६ ऑगस्ट १९९८

मयुरी,

"बाबांनी बरंच सांभाळून घेतलं" हे वाचून मी कपाळाला हात लावला. माझा भाऊ आत आला होता? खुर्ची स्वतःच ओढून घेतली असेल, पाणीही मागितलं असेल. तू लिहिलं नाहीस तरी मला इथून दिसतंय. गेल्या साली आमच्याकडे शिपायाच्या जागेसाठी एक मुलगा आला होता, सोबत त्याचा मामा. मामा इतका छान बोलला की साहेब म्हणाले, जमत असेल तर मामांनाच ठेवून घेऊ. मुलगा बिचारा परत गेला. पोरी, नोकरी तुला करायची आहे. उद्या ऑफिसात कोणी काम सांगितलं तर मधू येणार आहे का उत्तर द्यायला? पुढच्या वेळी त्याला चहाच्या टपरीवर बसव आणि सांग की आत्याचा हुकूम आहे. मी त्याची मोठी बहीण आहे, तेवढं तो ऐकेल.

आता बाकीचं. आदल्या दिवशीच माझ्याकडे मुक्कामाला ये. तळेगावहून निघालेली गाडी वर्ध्याला वेळेवर लागेल यावर मी तरी भरवसा ठेवत नाही. नवी साडी नेसू नकोस, सगळं लक्ष निऱ्यांकडे राहतं. दोन-चारदा नेसलेली, अंगाला बसलेली नेस. आत गेल्यावर सगळ्यांकडे एकदा बघ आणि बसायला सांगितल्यावर बस. फाईल मांडीवर ठेव, त्यांच्या टेबलावर नको. चहा विचारला तर हो किंवा नको, काय ते एकदाच. आपल्याकडे तीनदा नको म्हणून चौथ्यांदा घेतात, तेवढा वेळ तिथे कोणाला नसतो.

येत नसेल ते येत नाही म्हण, आणि त्याला जोडूनच, शिकायला तयार आहे असं म्हण. शेवटी ते विचारतील, तुम्हाला काही विचारायचंय का? तेव्हा मान हलवून उठू नकोस. काम नेमकं काय असेल, कोणाच्या हाताखाली असेल, एवढं तरी विचार. ज्याला काम करायचं असतं त्याला हे प्रश्न पडतातच.

पुढची मुलाखत झाली की त्यांनी काय विचारलं आणि तू काय म्हणालीस ते जसंच्या तसं लिही. "बरी झाली" असं लिहिलंस तर पत्र परत पाठवीन.

अन्नपूर्णा आत्या


तळेगाव
६ सप्टेंबर १९९८

प्रिय आत्या,

वर्ध्याच्या औषधांच्या ठोक व्यापाऱ्यांकडची मुलाखत परवा झाली. तू तेव्हा सहलीसोबत माहूरला होतीस, म्हणून मुक्कामाला येता आलं नाही. बाबा टपरीवर बसले. दोनदा दारापर्यंत येऊन गेले, पण आत आले नाहीत. फाईल मांडीवर ठेवली. चहा एकदाच "हो" म्हणून घेतला. तरी जमलं नाही. मला वाटतं इंग्रजीमुळे गेलं. तू म्हणालीस म्हणून जसंच्या तसं लिहिते.

साहेब म्हणाले, "याआधी कुठे काम केलंय?" मी म्हटलं, नाही. "काहीच अनुभव नाही?" मी म्हटलं, नाही. "घरी काय करता?" मी म्हटलं, आईला मदत करते. "आवड कशाची?" भरतकाम आणि वाचन. मग ते म्हणाले, "आमच्याकडे दिवसभर गिऱ्हाईक असतं, चिडून बोलणारेही असतात. जमेल तुम्हाला?" मी म्हटलं, प्रयत्न करीन. त्यांनी माझा अर्ज बाजूला ठेवला. मी कामाबद्दल विचारलं, तर त्यांनी उत्तर दिलं, पण घड्याळाकडे बघत.

इंग्रजी बोलायला शिकवणारा वर्ग आर्वीला आहे. तो लावू का? दिवाळी तोंडावर आलीय.

मयुरी


नालवाडी
१२ सप्टेंबर १९९८

मयुरी,

ही उत्तरं तू मुलाखतीला दिलीस की पोह्यांची बशी पुढे ठेवून दिलीस? घरी काय करता, आईला मदत. आवड कशाची, भरतकाम. आता फक्त गाणं म्हणून दाखवायचं राहिलं होतं. उगीच इंग्रजीच्या माथी मारू नकोस, त्या माणसाने तुला इंग्रजीत एक शब्दही विचारलेला नाही.

मला एक कळत नाही. तुझा भाऊ प्रफुल पुण्याला शिकायला गेला तेव्हापासून मधूच्या कृषी केंद्राचं काउंटर कोण बघतं? जूनमध्ये मी आले होते. बियाण्यासाठी रस्त्यापर्यंत गर्दी होती आणि मधू गोदामात पोती मोजत बसला होता. समोर तू उभी होतीस. कपाशीच्या पिशव्या कमी आल्या म्हणून लोक अंगावर येत होते, तेव्हा तू स्टुलावर चढून सांगितलंस की आज प्रत्येकाला एकच पिशवी मिळेल, आणि लांबच्या गावचे आधी, कारण त्यांची शेवटची गाडी जाईल. एक म्हातारा तुला काय काय बोलला ते मी ऐकलं. तू त्याला आत बोलावून पाणी दिलंस. आणि परवा तुला विचारतात, चिडलेलं गिऱ्हाईक जमेल का, तर तू म्हणतेस प्रयत्न करीन.

मयुरी, नीट ऐक. मी मेहनती आहे, प्रामाणिक आहे, हे समोर बसणारा प्रत्येक जण म्हणतो. आम्ही ते ऐकतो आणि विसरतो. त्यापेक्षा एका दिवशी घडलेली एक गोष्ट सांगावी. काय अडचण होती, तू काय केलंस, पुढे काय झालं. ती डोक्यात राहते, कारण ती दुसरं कोणी सांगू शकत नाही. त्या स्टुलाची गोष्ट भिंतीकडे तोंड करून मोठ्याने सांगून बघ. पाठ मात्र करू नकोस.

आणि अनुभव नाही असं काऊन म्हणालीस ते मला खरं खरं लिही.

आत्या


तळेगाव
४ ऑक्टोबर १९९८

प्रिय आत्या,

खरं खरं लिहिते. बाबांनी सांगितलंय, की मी दुकानात बसते हे बाहेर बोलायचं नाही.

गेल्या वर्षी मोर्शीकडचं स्थळ आलं होतं ते तुला ठाऊक आहे. ते का मोडलं ते मात्र तुला कोणी सांगितलं नाही. ते लोक न सांगता एक दिवस आधीच आले आणि थेट दुकानात शिरले. मी खताचं पोतं ढकलत होते, केसात भुकटी. मुलाच्या आत्याने तिथेच विचारलं, "तुमच्या घरी पोरी गल्ल्यावर बसतात का?" त्यानंतर निरोप आला नाही. आई बरेच दिवस नीट जेवली नाही. तेव्हापासून अनोळखी माणूस दिसला की बाबा मला आत जायला सांगतात. आर्वीला त्या तिघांनी सरळ विचारलं होतं, तुमचं दुकान आहे, ही बसते का? मी तोंड उघडायच्या आधीच बाबा म्हणाले, "छे साहेब, आमच्या घरच्या पोरी दुकानात नाई बसत." हे मी तुला पहिल्या पत्रात लिहिलं नाही. बाबांचा राग आला होता आणि त्यांची कीवही येत होती. आता तर माझ्याच तोंडून आपोआप "नाही" निघतं.

आता नवीन ऐक. हिंगणघाटच्या एका जिनिंग कारखान्यातून बोलावणं आलंय, येत्या शनिवारी, दहा तारखेला. कापसाचा हंगाम सुरू होतोय. त्यांना टायपिंग येणारं आणि गाड्या घेऊन आलेल्या शेतकऱ्यांशी बोलू शकणारं माणूस हवं आहे. जाहिरात वाचली तेव्हा वाटलं, ही माझ्यासाठीच लिहिलीय.

आणि कालच हिंगणघाटचे लोक मला बघून गेले. मुलाचं नाव स्वप्निल, कापडाचं दुकान. मला तो वाईट वाटला नाही, आत्या. हळू बोलतो, दुसऱ्याचं ऐकून घेतो. त्याच्या काकूने विचारलं तेव्हा आईने सांगितलं, आमची मयुरी दुकानाची पायरीही चढत नाही. मी खाली बघत बसले. पत्रिका जुळली असं ते जाताना सांगून गेले. अडचण अशी की हे स्थळ ज्यांनी आणलं ते अण्णाजी, स्वप्निलचे मामा, त्याच जिनिंगमध्ये मुनीम आहेत. मुलाखत ज्या खोलीत होते तिथेच त्यांचं टेबल आहे.

बाबा म्हणाले, "जाचं असन तर जा. पण थ्या खोलीत दुकानाचं नाव काढू नको. आई पुन्हा झुरनीले लागन."

दुकानाचं सांगितलं तर स्थळ जाईल. नाही सांगितलं तर माझ्याकडे सांगण्यासारखं काय उरतं? भिंतीला सगळं सांगून झालं. भिंतीला आवडलं असावं. मी काय करू?

मयुरी


नालवाडी
६ ऑक्टोबर १९९८

मधू,

हे पत्र तुला आहे, मयुरीला नाही. तिला मी एवढंच लिहिलंय की शुक्रवारी मुक्कामाला ये आणि रात्री लवकर झोप. काय सांगायचं ते तिचं तिने ठरवावं. ती तेवीस वर्षांची आहे.

तुला मात्र सांगते. तुझा हा ताठा मला लहानपणापासून माहीत आहे. मी नोकरीला लागले तेव्हा चौकात लोक काय म्हणतील म्हणून तू महिनाभर माझ्याशी बोलत नव्हतास. पोरीच्या जिवावर दुकान चालतं आणि पाहुणे आले की तिला पोत्यामागे लपवायचं, याला काय म्हणावं? तुझ्या दुकानात चार वर्षं जे शिकली ते सोडून तिच्याकडे दुसरं दाखवायला काय आहे? तेच तू झाकून ठेवतोस आणि वर म्हणतोस, दिवाळीपर्यंत बघ.

तिच्यासोबत येणार असशील तर ये. तुझं जेवण इथेच. पण आत जाऊ नकोस.

ताई


तळेगाव
१५ नोव्हेंबर १९९८

ताई,

नमस्कार. तुझ्या पत्राचं उत्तर द्यायला महिना उलटला. तुला तोंडी सगळं कळलं असेल, मयुरी तुझ्याचकडे राहते. पण ती तिच्या बाजूने सांगणार. मला माझ्या बाजूने लिहायचं आहे, आणि मला लिहायला वेळ लागतो.

तू ताठा म्हणालीस. ताठा नव्हता ताई, भीती होती. मोर्शीचे लोक गेले त्या संध्याकाळी मयुरी हात धुऊन आली आणि मला म्हणाली, "बाबा, मी उद्यापासून दुकानात नाई येत." दुसऱ्या दिवशी आलीच, कारण गाडी लागली होती, माल उतरवायचा होता. त्या दिवसापासून मला वाटायचं, मी माझ्या सोयीसाठी पोरीचं वाटोळं करून राहिलो. म्हणून लपवत होतो. दुसरं काही मला सुचलं नाही.

त्या शनिवारी मी तुझं ऐकलं. जिनिंगच्या फाटकाजवळ लिंबाखाली बसलो, आत गेलो नाही. बऱ्याच वेळाने शिपाई आला, म्हणाला, मुलीचे वडील कोण, साहेबांनी बोलावलंय. मी गेलो. समोर मॅनेजर साहेब, बाजूला मयुरी, आणि भिंतीकडच्या टेबलावर अण्णाजी. त्यांनी मला मानेने नमस्कार केला.

साहेब म्हणाले, "मधुकरराव, या म्हणतात की चार वर्षांपासून तुमचं दुकान याच सांभाळतात. बियाण्याच्या गर्दीची एक गोष्ट सांगितली यांनी. मला आवडली, पण गोष्ट कोणीही रचू शकतं. तुम्ही सांगा, खरं आहे का?"

म्हणजे तिने सांगून टाकलं होतं. अण्णाजींसमोर. अण्णाजींनी लिहिणं थांबवलं होतं. मयुरी माझ्याकडे बघत नव्हती, समोर बघत होती, तू शिकवलं असशील तशी.

ताई, तुला खोटं सांगत नाही. माझ्या तोंडात "नाही" तयार होतं. वर्षभराची सवय. पण नाही म्हटलं असतं तर स्थळ राहिलं असतं आणि पोरगी भरल्या खोलीत खोटी पडली असती. माझ्यामुळे. मी म्हटलं, "खरं हाय साहेब. सकाळी कुलूप मी उघडतो, तेवढंच माह्यं. बाकी दुकान तिचंच हाय." बोलताना आवाज जरा चढला, तो मॅनेजरसाठी नव्हता, अण्णाजींसाठी होता. साहेब हसले. म्हणाले, मग तुमचं आता कसं होणार? मी म्हटलं, ते मी पाहतो, तुम्ही तिले घ्या.

परतताना वर्ध्याच्या स्टँडवर थांबलो. पुलगावची गाडी गेली, आर्वीची लागली, तेव्हा ती म्हणाली, "बाबा, मले वाटलं होतं तुम्ही नाई म्हणान." मी म्हटलं, "मलेबी तसंच वाटलं होतं." मग ती खिडकीकडे तोंड करून रडली. मी भुईमुगाच्या शेंगा घेतल्या आणि तिच्या हातात दिल्या, दुसरं काय करणार.

हिंगणघाटहून निरोप आला, की पत्रिका पुन्हा दुसऱ्या गुरुजींना दाखवली, जुळत नाही. आठवड्याआधी जुळत होती. मयुरीने ऐकलं आणि म्हणाली, ठीक आहे. ठीक नव्हतं, मला दिसलं. तो मुलगा तिला पसंत होता. तिची आई मला म्हणाली, "तुम्ही एक शब्द गिळला असता तं काय बिघडलं असतं?" चार दिवस घरात ताट आदळल्याचे आवाज येत होते. आता कमी झालेत. परवा शेजारच्या रुख्माबाई आल्या होत्या, तर हीच त्यांना सांगत होती, आमची मयुरी जिनिंगमध्ये लागली, नणंदेकडे राहते, रोज हिंगणघाट जाऊन-येऊन करते. मी आतून ऐकत होतो. मला बरं वाटलं.

ती तुझ्याकडे आली त्याला आता पंधरवडा झाला. दुकानात मी एकटा. बिलं, लायसनचे कागद, कंपनीचे लोक, हे मला येतं. पण लोक त्यासाठी येतच नाहीत. दारात पाय ठेवला की म्हणतात, "ताई नाई का?" आधी मी म्हणायचो, बाहेर गेली. आता सरळ सांगतो, हिंगणघाटले नोकरी लागली. मग ते उभे राहून सगळं विचारतात, आणि मला सगळं सांगावं लागतं. या गावात ती दुकानात बसते हे प्रत्येकाला माहीत होतं ताई, मी उगीच दोन पाहुण्यांसाठी जीव टांगणीला लावला होता.

एक काम आहे, म्हणून हे पत्र आज टाकतोय. काल नानाजी आले होते, नदीकाठचे. हरभरा पेरायचा आहे. मी दोन-तीन जाती दाखवल्या, भाव सांगितले. त्यांनी पिशवीला हातही लावला नाही. म्हणाले, "मागच्या साली ताईनं जे देल्लं होतं, तेच पाह्यजे." मी म्हटलं, कोणतं? ते म्हणाले, "ते तिले माहीत. मी काऊन ध्यानात ठेवू?" मी पावत्या चाळल्या, नुसतं हरभरा लिहिलेलं आहे. शेवटी त्यांना म्हटलं, मी मुलीला विचारतो आणि बाजाराच्या दिवशी सांगतो. तर तेवढं मयुरीला विचार, आणि उलट टपाली कळव.

मधू